चौथ्या बाजूचं पाणी

मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा असेन तर आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजचा फॉर्म कसा भरतात हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, तो बाईंनी भरला. वडील "आता पुरे झालं शिक्षण" म्हणाले, तेव्हा त्या घरी येऊन दोन तास ओट्यावर बसल्या आणि वडिलांनी मान हलवल्यावरच उठल्या. त्याही आधीपासून दर रविवारी त्या माझ्याकडून एक पान लिहून घ्यायच्या. अट एकच, विषय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. एकदा मी ताजमहालावर लिहून नेलं.

"कधी गेला होतास?" बाईंनी विचारलं.

"नाही गेलो, बाई."

"मग हे पान ज्याच्या पुस्तकातून उतरवलंस त्याला नेऊन दे. मला तुझ्या घरामागच्या वीटभट्टीचं आण."

आमचं गाव वाशीमकडचं. समुद्र तिथून इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. आता मी बायकोसह कोबेत राहतो. नोकरीला लागून आठ वर्षं झाली. बाईंना महिन्यातून एकदा फोन करतो. गेल्या फोनवर त्यांनी खुशाली विचारायच्या आधीच प्रश्न टाकला.

"बेट म्हणजे काय, सांग."

मी घरातल्या घरात ताठ उभा राहिलो. "चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग."

"पाहिलंस?"

"बाई, मी जपानमध्ये राहतो. इथे सगळी बेटंच आहेत."

"म्हणजे चारही बाजू पाहिल्यास?"

आठ वर्षांत मी स्टेशन, ऑफिस आणि घर या तीन बाजू पाहिल्या होत्या.

"मी एकतीस वर्षं हे वाक्य शिकवलं," बाई म्हणाल्या. "फळ्यावर एक वेडावाकडा गोल, आणि भोवती निळा खडू. परवा नातीने विचारलं, आजी, तू पाहिलंस का बेट? मला खोटं बोलता येईना. तेव्हापासून जरा चुकचुकल्यासारखं होतंय. माझे गुडघे काही आता मला तिकडे नेणार नाहीत. तू पाहा आणि लिहून कळव. फोटो पाठवू नकोस, फोटो नातही दाखवते."

बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी त्याच संध्याकाळी शोदोशिमा नावाच्या बेटाच्या एका दिवसाच्या सहलीत दोन जागा धरल्या. कोबे ज्या मोठ्या बेटावर आहे तो अख्खा होन्शू पाहायला मला रजा मिळाली नसती.

सहलीच्या पत्रकात प्रत्येक ठिकाणापुढे खूण होती. काही ठिकाणी उतरायचं, काही ठिकाणी आत जायचं आणि काही "खिडकीतून". खिडकीतून म्हणजे बस थांबणार नाही, गाईड हात करेल तिकडे बघायचं. आपल्याकडे गर्दीच्या दिवशी मुखदर्शनाची वेगळी रांग असते, तसं. वेळाही दोन वाजून सतरा मिनिटे अशा. बायको म्हणाली, "सतरा म्हणजे सतराच हं. तुम्ही बुटाची नाडी बांधत बसलात तर मी अनोळखी असल्यासारखी बसमध्ये बसेन."

हिमेजीहून आम्ही मोठ्या बोटीने निघालो, बस बोटीच्या पोटात आणि आम्ही डेकवर. बायकोने कडीच्या डब्यात शंकरपाळे घेतले होते. आमच्या बसमध्ये बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे, टोप्या घातलेले, उत्साही. आमच्या पुढच्या सीटवरचे आजोबा एकटेच होते, डेकवरही ते आमच्या पुढेच बसले. बायकोने त्यांना शंकरपाळे दिले. त्यांनी उठून, वाकून ते घेतले आणि दोन मिनिटांनी आम्हाला संत्र्याच्या गोळ्या दिल्या. मग बायकोने पुन्हा शंकरपाळे दिले. त्यांनी भाजलेले शेंगदाणे दिले. हे थांबवायचं कसं ते दोन्ही बाजूंना कळेना.

मी मोबाईलमधलं होकायंत्र उघडून बसलो होतो.

"अहो, आपण बोटीने चाललोय ना?" बायको म्हणाली. "मग ते बेटच असणार. झालं. लिहा बाईंना."

"बोटीने आपण मुंबईहून मांडव्यालाही गेलो होतो. मांडवा बेट आहे का?"

तिने डब्याची कडी लावली आणि म्हणाली, "या बाईंनी तुम्हाला बिघडवलंय."

बेटावरच्या फुकुदाच्या धक्क्यावर उतरलो. मागे समुद्र. होकायंत्र म्हणालं, पूर्व. मी वहीत लिहिलं. तिथून बस उत्तरेच्या किनाऱ्याने गेली. चारशे वर्षांपूर्वी ओसाकाच्या किल्ल्यासाठी तोडलेले आणि मग न्यायचे राहून गेलेले प्रचंड दगड तिथे किनाऱ्यावर पडले आहेत. गाईडबाई अगदी हळहळून त्यांची गोष्ट सांगत होत्या. सगळे दगडांकडे तोंड करून उभे, मी एकटा दगडांकडे पाठ करून. समोर समुद्र, पलीकडे धूसर डोंगर. दुसरी बाजू मिळाली.

गाईडबाई चाळिशीच्या असतील. हातात पिवळा झेंडा, डोक्यावर छोटी टोपी आणि आवाज असा की तुमचं छप्पर उडालं तरी तुम्हाला काळजी वाटणार नाही. त्या माझ्याजवळ आल्या. "दगड आवडले नाहीत का?"

ऑफिसात शिकलेल्या जपानीत मी सगळं सांगितलं. शाळा, बाई, व्याख्या, चार बाजू. त्यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुमच्यासाठी डोंगरमाथा आहे. तिथून सगळीकडे दिसतं."

डोंगरमाथ्यावर रोपवेने जायचं होतं. वर पोहोचलो तर धुकं. साधंसुधं नाही. बायको माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा फक्त आवाज येत होता. कठड्यापाशी आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो. गाईडबाईंनी सगळ्यांची मनापासून माफी मागितली, जणू धुकं त्यांनीच मागवलं होतं. मग पिशवीतून प्लास्टिकचं आवरण घातलेला एक मोठा फोटो काढला आणि दोन्ही हातांनी छातीपाशी धरला.

"आज इथून आपल्याला हे दिसलं असतं."

सगळे "ओऽऽ" म्हणाले. मग एकेकाने पुढे येऊन त्या फोटोचा फोटो काढला. आजोबांनीही काढला. बायकोनेही काढला!

"काय करतेस?"

"छान आलाय. आणि बघा, यात तुमच्या चारही बाजू आहेत. लिहून टाका."

खरंच होत्या. हिरवं बेट आणि भोवती निळं पाणी, अगदी फळ्यावरच्यासारखं. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. कोणाला कळणार होतं? पण बाई "फोटो नको" म्हणाल्या होत्या आणि मी तर फोटोचा फोटो पाहून लिहायच्या बेतात होतो. मी वही खिशात घातली.

दुपारी ऑलिव्हच्या झाडांच्या उतारावर दक्षिण मिळाली. तिथे उन्हात पाणी इतकं चमकत होतं की बघवत नव्हतं. राहिली पश्चिम. पत्रकात शोधलं. पश्चिमेला फक्त एक ठिकाण होतं. एक सामुद्रधुनी, गावाच्या मधून जाणारी, जगातली सर्वांत अरुंद म्हणून प्रसिद्ध. पुढे खूण "खिडकीतून". त्यानंतर थेट परतीची बोट.

मी गाईडबाईंना विचारलं, तिथे उतरता येईल का. त्यांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, दातांतून हळूच हवा आत ओढली. इथे आठ वर्षं राहिल्यावर त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी "काही हरकत नाही" म्हणून जागेवर येऊन बसलो.

आजोबांनी सीटवरून मागे वळून विचारलं, "इंदो-सान, चेहरा का पडला?" इंदो म्हणजे भारत, सान म्हणजे राव.

मी त्यांनाही सगळं सांगितलं. ते खूप हसले. "मी या देशात चौऱ्याहत्तर वर्षं राहतोय. हेही बेटच आहे म्हणतात. मी एकदाही तपासलं नाही!" मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "तुमच्या बाई अजून शिकवतात?"

"निवृत्त झाल्यात. पण शिकवतात."

बस गावात शिरली. गाईडबाईंनी माईक हातात घेतला तेवढ्यात आजोबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"माफ करा. म्हातारा माणूस. मला स्वच्छतागृहात जायलाच हवं."

मग मागून आणखी एक हात वर झाला. मग तीन. मग जवळजवळ अख्खी बस. गाईडबाईंनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि बस पुलाच्या अलीकडे थांबली. "आठ मिनिटं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी अजिबात पाहिलं नाही, आणि न पाहण्याची त्यांना जरा जास्तच काळजी घ्यावी लागली.

आजोबा जागेवरून हलले नाहीत. हाताने मला "पळा" अशी खूण केली.

पळालो. पुलावर गेलो, खाली पाहिलं. ही सामुद्रधुनी? दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती, मध्ये हिरवट, संथ पाणी. पलीकडच्या काठावर एकजण सायकल पुसत होता, त्याच्याशी न ओरडता बोलता आलं असतं.

"हा तर नाला आहे," बायको धापा टाकत म्हणाली.

तेच माझ्या मनात होतं. नाला असेल, तर ही बाजू जमिनीला जोडलेली. मग बाईंना काय लिहू? तीन बाजूंना समुद्र आणि चौथीला नाला?

"खारं असेल तर समुद्र," मी म्हणालो. "चाखून बघायला हवं."

"काय बघायला हवं?"

"सहा मिनिटं उरलीत. डबा दे."

ओहोटी असावी, पाणी भिंतीच्या बरंच खाली होतं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उरलेले शंकरपाळे रुमालात ओतले, गळ्यातली ओढणी काढली आणि डब्याच्या कडीला अशी गाठ मारली की मी बघतच राहिलो. तिचं लहानपण आडावर पाणी शेंदण्यात गेलंय. दोन झटक्यांत डबा आडवा होऊन भरला आणि वर आला. सायकल पुसणारा माणूस पुसायचा थांबला.

मी डब्याच्या काठावरचं पाणी बोटाने चाखलं.

"गोड आहे."

"काय?"

"गोड लागतंय गं. नालाच आहे हा."

तिनेही काठावरून बोट फिरवलं, चाखलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, डबा धुतलाय कोणी? काठाला शंकरपाळ्याची साखर आहे ती!"

डबा दोनदा विसळला आणि पुन्हा सोडला. गाईडबाई पुलाच्या टोकाशी झेंडा धरून उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत, पण काही न बोलता. तिसऱ्या खेपेचं पाणी चाखलं. खारट! घशापर्यंत खारट. बायकोनेही चाखलं आणि थू थू करत म्हणाली, "समुद्र. लिहा आता."

ओली ओढणी घेऊन आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा एक मिनिट उशीर झाला होता. मी सगळ्यांसमोर कमरेत वाकलो. मला थोडाच वेळ देता आला म्हणून गाईडबाई माझ्यापुढे वाकल्या. आजोबांनी विचारलं, "मग?"

"खारट."

आजोबांनी मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, "खारट आहे." आणि टाळ्या वाजल्या. स्वच्छतागृहातून आलेल्या लोकांना टाळ्या कशासाठी ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लिहायला बसलो. पत्र असं होतं:

बाई, नमस्कार. पाय इथून लांब आहेत, पण वाकलो आहे असं समजा.

काल बेट पाहून आलो. पूर्वेला बोट लागते तिथे समुद्र आहे, तो पाहिला. उत्तरेला किल्ल्याचे जुने दगड आहेत, त्यांच्या समोर समुद्र आहे. दक्षिणेला झाडांच्या उताराखाली समुद्र आहे, त्याच्यावर ऊन होतं. पश्चिमेला मी गेलो तिथे समुद्र एका पुलाखाली मावतो. तो नाला वाटला म्हणून चाखून पाहिला. पहिल्यांदा गोड लागला. ती चूक डब्याची होती. नंतर खारट निघाला. हिनेही चाखला आहे, म्हणजे साक्षीदार आहे.

आता न पाहिलेलं लिहितो. डोंगरावरून चारही बाजू एकदम दिसतात म्हणाले, पण धुकं होतं. त्यामुळे चार बाजू मी चार वेळेला पाहिल्या, एकदम नाही. मधला पुष्कळसा किनारा बसच्या दुसऱ्या बाजूला गेला किंवा झाडीमागे राहिला. तिथे पाणी असेलच असं मला वाटतं, पण पाहिलं आहे असं लिहिता येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बेटावर उभं असताना आपण बेटावर आहोत हे कळत नाही. एका बाजूला पाणी आणि एका बाजूला डोंगर, एवढंच दिसतं. आपल्याकडे तलावाच्या काठी उभं राहिल्यासारखं. ते वाक्य माहीत नसतं, तर मी चौथी बाजू शोधायला गेलोच नसतो.

नातीला सांगा की आजीचं वाक्य मी पाहिलेल्या चार ठिकाणी बरोबर निघालं. फक्त फळ्यावर निळा खडू आपण चारही बाजूंनी सारखाच जाड काढत होतो. प्रत्यक्षात पाणी एका बाजूला संपत नाही आणि दुसऱ्या बाजूला हाकेच्या अंतरावर संपतं. तरी ते बेटच. असं लिहिणं चालेल का, ते कळवा.