मेहुण्याचं वजन आणि क्वार्कांची पळापळ

कोल्हापूरला जायचं ठरलं ते मेहुण्याच्या कुस्तीमुळे. संग्राम, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमतो. रविवारी कागलला त्याची निवड कुस्ती होती. बायकोला सुट्टी मिळेना. "तुम्ही जा, पण त्याला काही शिकवू नका," एवढंच ती म्हणाली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझी जीभ गप्प बसत नाही.

शुक्रवारी पुण्याहून एसटीने निघालो. महामार्गाचं काम चालू आहे, वळसे घालून घालून पोटातलं ढवळून निघतं. गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा. रात्री सासूबाईंनी तांबडा-पांढरा रस्सा वाढला. तिथे जावयाने नको म्हटलं की वाटी जास्तच भरते. समोर संग्राम अर्धी भाकरी चघळत माझ्या ताटाकडे बघत होता. त्याच्या वजनगटाच्या मर्यादेपेक्षा त्याचं वजन थोडं जास्त होतं. रविवारी सकाळी काट्यावर ते जास्त भरलं तर कुस्तीच नाही, वर्षभराची मेहनत पाण्यात.

मला त्याची दया आली. म्हटलं, "अरे, तुझ्या अंगात प्रोटॉन-न्यूट्रॉन, त्यांच्या आत क्वार्क. पेपरवाले ज्याला देवकण म्हणतात ना, त्याच्या क्षेत्रामुळे क्वार्कांना मिळतं ते वजन एकूणाच्या जेमतेम शंभरावा भाग. बाकी सगळी त्यांच्या पळापळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांची ऊर्जा!"

"म्हंजे पळाल्यामुळं वजन हाय म्हणा की!"

"अगदी बरोबर!" मी खूश.

शनिवारी आम्ही मोटरसायकलने पन्हाळ्यावर गेलो. रस्ता झकास, वर वारा भणाणतो, आणि मडक्यातलं दही चुकवू नका. अंगात जाड जाकीट घालून संग्रामने गड पळत उतरायचा आणि घाम गाळायचा, असं वस्ताद अमीनचाचांनी फर्मावलं होतं. मी दही संपवून बघतो तर हा पठ्ठ्या तटावर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला.

"पळायचंय ना?"

"खुळं हाय व्हय मी? आतली सगळी निवांत करतोय. वजन आपसूक उतरतंय बघा."

पायथ्याशी वाट बघून कंटाळलेले चाचा तेवढ्यात स्कूटरवर वर आले. "काय रं, समाधी घेतलीस व्हय?"

"दाजींनीच सांगितलंय, पळाल्यानं वजन असतंय!"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुण्याची आठवण आली. घाईघाईने खुलासा केला: "क्वार्क तुझं ऐकत नाहीत रे. तू झोप नाहीतर नाच, ते आत पळतातच. ते थांबले तर तूच उरणार नाहीस. तुला फक्त अंगातलं पाणी कमी करायचंय!"

"मग हे काल सांगायला काय झालतं?"

"पावणं," चाचा म्हणाले, "आता तुमीबी पळा."

पळालो. जावई म्हणून कसलीही सवलत मिळाली नाही. संग्राम पुढे, मी मागे आणि माझ्या मागे स्कूटरचा हॉर्न. पायथ्याशी मी रस्त्याकडेला आडवा झालो, तेव्हा संग्राम माझ्यावर वाकून विचारत होता, "दाजी, आतली पळत्यात न्हवं अजून?"

रविवारी कागलला तो काट्यावर चढला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, जणू माझ्या श्वासाचंही वजन त्यात धरणार होते. काटा मर्यादेच्या आत थांबला. चाचांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की डोळ्यांत पाणी आलं. दुपारी संग्रामने कुस्तीही मारली आणि त्या मातीच्या हातांनी मला उचलून गरागरा फिरवलं. खरं सांगतो, इतकं आपलं मला कुठेच वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर काट्यावर उभा राहिलो. एवढं पळूनही वजन वाढलं होतं. संग्रामकडून फोनवर सगळं ऐकलेल्या बायकोने वाकून आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"यातला जेमतेम शंभरावा भाग तुमचा," ती म्हणाली. "बाकी सगळं माझं माहेर."