आमच्या ह्यांचे इब्राहिम मिस्त्री

बातमी आली तेव्हा चुलीवर दूध होतं. टांगेवाला रस्त्यातूनच ओरडला, "मिस्त्री गेले हो, पहाटेच गेले!" मी बाहेर धावले, पण दोन शब्द विचारीपर्यंत टांगा कोपऱ्यावर पोचलासुद्धा. परत आत आले तर दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर वास, आणि आमचे हे चुलीजवळच भिंतीला टेकून उभे. त्यांना तो वास कळला नव्हता, आणि कळणारही नव्हता... काही वर्षांपूर्वी ह्यांचं आणि इब्राहिम मिस्त्रींचं, दोघांचंही नाक एकाच दिवशी गेलं. म्हणजे जागेवर होतं, पण त्यात वास शिरेनासा झाला. ते कसं झालं ते सांगतेच, पण आधी खरं ते सांगून टाकते. दुधाचं पातेलं उतरवताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तरी हे माझ्या वाट्याला येतील. दुःख त्याच्या मागून आलं.

गेलेल्या माणसाचे गुण गावेत म्हणतात. गाते ना! गुण होते म्हणूनच तर मी जळत होते. नुसता टवाळखोर दोस्त असता तर चार दिवस कटकट करून त्याला दाराबाहेर काढला असता. मिस्त्री मालेगावच्या विणकराच्या घरातले. माग सोडून नाशकात आले आणि गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी सांडपाणी स्वच्छ करायचं केंद्र आहे, तिथे यंत्रांवर लागले. हे तिथले ओव्हरसियर. गावची घाण जिथे जमते तिथे नोकरी म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांनी नाकं मुरडली होती, पण ह्या दोघांना त्या हौदांचा आणि पंपांचा असा काही अभिमान की विचारू नका. घरी आल्यावरही बोलणं त्याचंच. मी आत भाकरी थापत असायची आणि बाहेर ओट्यावर पंपाच्या वाद्या आणि नळांची तोंडं. मला सवत असती तर निदान तिच्या दिसण्यावरून तरी काही बोलता आलं असतं...

तो दिवस उन्हाळ्यातला. सिंहस्थ तोंडावर आला होता, म्हणून नदीत सोडायच्या पाण्यात घालायला क्लोरिन वायूची लोखंडी नळकांडी आणून ठेवली होती. त्यातल्या एकाची तोटी सकाळी सकाळी फुटली. आम्ही केंद्राशेजारच्या चाळीतच राहायचो. आधी नाकात झिणझिण्या, मग डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग. आता नाशिकचं माणूस आहे, जळजळ झाली की ते कुठे जाणार? गंगेवर. चाळीतल्या आम्ही सगळ्या बायका पदर तोंडाला लावून घाटाकडे धावलो. तो वायू हवेपेक्षा जड, उतारानेच वाहतो, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्या मागोमाग तो पिवळट धूर जमिनीवरून सरपटत खाली यायला लागला. शेवटी पदर पाण्यात बुडवून, तोंडावर दाबून, आम्ही बाजूच्या मळ्याच्या चढाला लागलो. तिथून मी वळून पाहिलं. हे केंद्राच्या फाटकाबाहेर आले होते, नदीकडे बघत होते. माझं हिरवं लुगडं त्यांना दिसलं. दिसलंच, कारण त्यांनी हात वर केला. आणि मग पाठ फिरवून ते आत गेले, जिथे मिस्त्री एकटे त्या फुटक्या नळकांड्यापाशी होते.

त्यानंतर दोघांनी जे केलं त्याचं गावाने कौतुक केलं, आणि ते खरंच होतं. ओली फडकी तोंडाला बांधून त्यांनी ते नळकांडं ढकलत ढकलत चुन्याच्या निवळीच्या खड्ड्यात लोटलं, वरून घमेल्यांनी चुना ओतला. दोन दिवस खड्डा खदखदत होता म्हणे. मी पोचले तेव्हा दोघं लिंबाखाली शेजारी शेजारी आडवे, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या. मी ह्यांचा हात धरला. तर हे म्हणाले, "इब्राहिम कुठंय?" आणि पलीकडून खोकत खोकत मिस्त्री म्हणतात, "आधी वहिनी आल्या का बघा रे कुणीतरी!" म्हणजे माझी आठवण झाली ती नेमकी ज्याला व्हायला नको त्याला. त्या वेळी मला रडू आलं ते काळजीचं, असं सगळ्यांना वाटलं. निम्मं रागाचं होतं.

डोळे सुधारले. वास मात्र दोघांचाही गेला तो गेलाच, आणि मिस्त्रींची छाती कायमची धरली. पण हे दोघं त्याची चेष्टा करायचे! "आपल्या नोकरीला हेच नाक बरं," मिस्त्री म्हणायचे. "साहेबलोक रुमाल धरत्यात, आपण बिनधास्त." त्या दोघांचं एक वेगळंच गाव वसलं आणि मी वेशीबाहेर. मी आमटीला फोडणी घालावी, आळी दरवळावी, आणि ह्यांनी न बोलता भुरकून उठावं. संध्याकाळी मात्र मिस्त्रींबरोबर ओट्यावर बसले की दोघंही चवीने जेवायचे. कसली चव आणि कुठली, देव जाणे. सासूबाईंच्या सोवळ्यामुळे मिस्त्री आत येत नसत, म्हणून ह्यांचंही ताट ओट्यावर जायचं. सासूबाई वारल्या, सोवळं सैल झालं, तरी ओटा सुटला नाही. मी दोघांना वाढायचं आणि मागाहून आत एकटीने जेवायचं.

मी गजरा घालायचं सोडलं. घालू कुणासाठी? ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आलं ते मिस्त्रींच्या. एकदा मी ताक वाढत होते, तर मिस्त्री ह्यांना म्हणाले, "भाऊ, वहिनींनी फुलं घालायचं बंद केलं. वास नाय तर नाय, डोळे तर हायेत ना तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी हे मोगऱ्याचा गजरा घेऊन हजर. मी तो घातला, आणि रात्रभर जळत राहिले, की माझ्या नवऱ्याने मला फुलं आणली तीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. एवढं करून त्या माणसाचा राग करायचीही सोय नाही. असल्या भल्या माणसांनी फार छळ होतो.

यंदा थंडीत मिस्त्रींच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली ते थांबलं नाही. हे रोज जाऊन बसायचे. दफन करून आल्यावर ह्यांनी जेवण जवळजवळ टाकलंच. ओट्यावर बसायचे, दोन घास चिवडायचे, ताट सारायचे. चार आठवड्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. मी पुरणपोळी केली, भरली वांगी केली, काही उपयोग नाही. मला भीती वाटायला लागली, की तेव्हा फाटकातून पाठ फिरवून गेले तसे हे पुन्हा त्याच्याच मागे जातात की काय. शेवटी एका संध्याकाळी विचारलंच, "त्या दिवशी मी चढावर दिसले होते ना तुम्हाला?"

"दिसली होतीस."

"मग?"

ह्यांनी ताटातली भाकरी मोडून तशीच ठेवली. मग म्हणाले, "तू चालत होतीस. तो पडला होता."

एवढंच. उत्तर मला पटलं, राग मात्र गेला नाही. मी आत गेले, माझं ताट वाढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर, मिस्त्री बसायचे त्या जागी येऊन बसले. भर रस्त्यावर, नवऱ्याच्या पंगतीला... समोरची बाई सूप पाखडायची थांबली. मी डाव्या हाताने नाक घट्ट दाबलं आणि पिठलं-भाकरी खायला लागले. मीठ कळत होतं, मिरची कळत होती. बाकी नुसता ओला मऊ गोळा.

"हे काय चाललंय?" हे म्हणाले.

"बघतेय, तुमच्या दोघांत मला जागा होते का."

मग त्यांनी कांदा घेतला, बुक्कीने फोडला, निम्मा माझ्या ताटात टाकला. "नुसतं पिठलं गिळायचं नसतं," ते म्हणाले. "घासागणिक कांदा चावायचा. दातांखाली वाजतो ना, त्यावर जेवायचं. इब्राहिमने काढली होती ही युक्ती." म्हणजे इथेही तोच! तोंडात घास नसता तर मी नक्की काहीतरी बोलले असते. पण ह्यांनी स्वतःच्या तोंडात मोठा घास घातला, त्यावर कांदा चावला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ते भरल्या तोंडाने मला म्हणाले, "ऐक."