स्टेशनापुरती गाडी घाटात नेली तेव्हा

डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला मनाई केली, त्या आठवड्यात आमच्या घरात दोनच विषय होते. एक म्हणजे डाव्या डोळ्यात घालायचे थेंब आणि दुसरा म्हणजे गाडी कुणाला विकायची. डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. उजवा डोळा ठणठणीत होता, पण समोरचं वाहन किती लांब आहे याचा अंदाज चुकू लागला होता.

‘हे’ म्हणजे माझे यजमान, दिलीप. नोकरी मुंबईत, घर वसईत. मी इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. गाडी छोटी, पांढरी, आधी कुणीतरी वापरलेली. सात वर्षं तिचं काम एकच होतं. सकाळी यांना घेऊन स्टेशनाजवळ जायचं, दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रविवारी गिरीजच्या वाडीतून केळी आणि भाजी आणायची. आणि वर्षातून एकदा, डिसेंबरात, नाशिकला मंगलवन्संकडे, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचं.

दोन हजार चार सालची ही गोष्ट. यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने गाडी जानेवारीत नेतो म्हणून सांगितलं होतं.

“यंदा बसने जाऊ,” हे जेवताना म्हणाले.

“मी चालवते,” मी म्हटलं.

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं. त्याच्या जोरावर मी शाळा, बाजार आणि फार तर निर्मळचं तळं इथपर्यंत गेले होते. महामार्गाला माझं चाक कधी लागलं नव्हतं.

“कसारा घाट उतरली आहेस का कधी?”

“तुम्हीही कधीतरी पहिल्यांदाच उतरला असाल की.”

 दोन दिवस हा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीच्या कागदांची फाइल घेऊन समोर उभे राहिले. “आधी म्हात्र्यांना दाखवून आणू. मग बघू.”

हरेश्वर म्हात्रे जूचंद्रचे, गॅरेज मात्र सातिवलीला, प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्याला लागून. वय पन्नाशीचं, शर्टाच्या खिशात कायम फडकं. यांनी फाइल उघडून दाखवली. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेनुसार लावलेली. यांना त्या फाइलचा फार अभिमान. “दहा हजार किलोमीटरला तेल बदलायचं असं गाडीच्या पुस्तकात आहे. मागच्या वेळेपासून चार हजारही झाले नाहीत. तुम्ही फक्त वरवर बघून घ्या.”

म्हात्र्यांनी तेल मोजायची कांडी बाहेर काढली, टोकावरचं तेल दोन बोटांत चोळलं आणि बोटं आमच्यासमोर धरली. काळा, चिकट लेप होता. जुन्या गुळाच्या काकवीसारखा.

“साहेब, घर ते स्टेशन किती?”

“दोन किलोमीटर.”

“म्हंजे इंजिन तापायच्या आत तुमी बंद करता. आतलं पानी वाफ होऊन बाहेर जात नाय, तेलातच ऱ्हातं. वर ही खारी हवा, रस्त्याची धूळ. आमचा बाप मिठागरावर होता. लोखंडाचं फावडं तिथं दोन वरसं टिकत नाय. मग तुमच्या गाडीचा पत्रा काय टिकल?”

“पण पुस्तकात…”

“पुस्तक बरोबर हाय. पान चुकलं. शेवटचं पान वाचा.”

यांनी फाइलीतली ती पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत एक तक्ता होता. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. वर दिलेलं वेळापत्रक साध्या वापरासाठी आहे. गाडी धुळीत चालत असेल, छोट्या छोट्या फेऱ्या मारत असेल, समुद्राजवळ राहत असेल किंवा घाटात जात असेल, तर सगळं निम्म्या अंतराने करावं. यातली एक गोष्ट लागू असली तरी पुरे. आम्हाला चारही लागू होत्या.

 सात वर्षं नेमाने सांभाळलेली फाइल यांनी बंद केली आणि काखेत धरली. त्यांचं तोंड बघून म्हात्रेच म्हणाले, “काही बिघडलं नाय हो, साहेब. वेळेत आलात.” तेल बदललं, हवेचा फिल्टर नवा टाकला, ब्रेकचे पॅड तपासले, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडून ग्रीस लावलं. मग एका कागदावर आमच्या गाडीचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं. तेल पाच हजारांना किंवा सहा महिन्यांनी, यात जे आधी येईल तेव्हा. फिल्टर महिन्याला झटकायचा. पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. रविवारी थोडी लांब फिरवायची, म्हणजे इंजिन नीट तापतं. आणि घाटाच्या आधी ब्रेक बघायचे, नंतरही बघायचे.

कागद त्यांनी यांच्या हातात न देता माझ्या हातात दिला. माझ्या ते लक्षात आलं. यांच्याही आलं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. दर वर्षीचा रस्ता ठाणे-कसाऱ्याचा, पण मी जाताना जव्हारमार्गे जायचं ठरवलं, कारण मोठा घाट पहिल्याच दिवशी अंगावर घ्यायचा नव्हता. महामार्गावर पहिला अर्धा तास माझे खांदे कानांना लागले होते. ट्रक शेजारून गेला की गाडी हलायची आणि यांचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जायचा, जणू तिकडेही ब्रेक होता. मनोरला पोचेपर्यंत खांदे जरा खाली आले. तिथे चहा आणि गरम कांदाभजी घेतली. टपरीवरच्या बाईंनी मला किल्ली हातात घेऊन उतरताना पाहिलं आणि विचारलं, “तुमीच चालवता?”

“हो.”

“आनि हे?”

“ऐकतो,” यांनीच उत्तर दिलं. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. बाई खळखळून हसल्या, मग आम्हीही हसलो.

विक्रमगडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. सात-आठ किलोमीटर नुसता लाल फुफाटा. काचा वर करूनही दातांखाली माती लागत होती. जव्हारचा चढ सुरू झाला आणि गाडी ओढेना. मी पाय दाबतेय आणि ती दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकतेय.

“थांब,” हे म्हणाले. डोळे मिटले होते. “आवाज ऐक. इंजिनाला हवा मिळत नाहीये. बाजूला घे, बॉनेट उघड.”

मी बॉनेट पहिल्यांदाच उघडलं. हे शेजारी उभे राहून सांगत होते आणि मी हात घालत होते. दोन क्लिपा सोडवल्या, झाकण उचललं. आठवड्यापूर्वी बसवलेला पांढरा फिल्टर पार गेरूने रंगवल्यासारखा झाला होता. दगडावर हलकेच आपटून त्यातली धूळ झाडली, परत बसवला. गाडी सुरू केली आणि तिने चढावर अशी उडी घेतली की मी आनंदाने ओरडलेच. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, नाकावरही एक पट्टा. हे रुमाल देत म्हणाले, “महिन्याने झटकायचा म्हणाले होते. इथे तासाने झटकावा लागला.”

जव्हारला राहायची खोली साडेतीनशे रुपयांत मिळाली, स्वच्छ आणि मागे आंब्याचं झाड असलेली. जेवायला एका घरगुती खानावळीत नाचणीची भाकरी, उडदाचं वरण आणि लसणाचा झणझणीत ठेचा. दुपारी राजवाडा पाहिला, संध्याकाळी दरीच्या काठावर सूर्य बुडताना पाहिला. डिसेंबरात थंडी बऱ्यापैकी असते, स्वेटर नक्की न्या. आणि निघताना पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घ्या. पुढे मोखाड्यापर्यंत पंप दिसेल या भरवशावर राहू नका.

रविवारी मोखाड्यावरून त्र्यंबकला चढलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं आणि वळणावळणांचा शांत रस्ता. जेवायच्या वेळेला नाशिकला पोचलो. वन्सं दारातच उभ्या. आधी भावाला पाहिलं, मग चालकाच्या दारातून उतरणाऱ्या मला, मग परत भावाला.

“हिने आणली गाडी? वसईपासून?”

“जव्हारवरून,” हे म्हणाले. आवाजात किंचित तोरा होता. तो कुणासाठी, हे तेव्हा मला नक्की कळलं नाही.

दोन दिवस वन्संनी मला स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. “बस गं, उद्या तुला गाडी न्यायचीय,” असं म्हणून हातात द्राक्षांची बशी दिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्या घरात मी आयती बसून खाल्लं ते पहिल्यांदाच.

मंगळवारी परतीला निघालो ते कसाऱ्याच्या रस्त्याने. इगतपुरी गेली आणि उतार लागला. समोर सळया भरलेला ट्रक, मागे बस. मी ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवूनच दिला. तीन-चार वळणं गेली आणि जळका वास आला. पायाखालचा ब्रेक नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. 

“दुसरा गिअर टाक,” हे शांतपणे म्हणाले. “घाबरू नकोस. ब्रेक गेलेले नाहीत, तापलेत. पुढे डावीकडे मोकळी जागा आहे, तिथे घे.”

गाडी दुसऱ्या गिअरात घोंगावली, हळू झाली. मोकळ्या जागेत घेतली, थांबवली आणि हातब्रेक ओढला. पुढच्या दोन्ही चाकांतून उष्ण वाफा येत होत्या. पाणी ओतायला मी बाटली उचलली, तर यांनी ती काढून घेतली. “तापलेल्यावर थंड पाणी नको. आपोआप निवू दे.”

आम्ही कठड्यावर बसलो. वन्संनी दिलेल्या चिवड्याची पुडी सोडली. खाली दरीतून मालगाडी वळसे घेत जात होती.

“ज्या गिअरात घाट चढतात, त्याच गिअरात उतरायचं असतं,” हे म्हणाले. “ब्रेक फक्त मधूनमधून. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.”

“मग का नाही सांगितलंत?”

बराच वेळ ते चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत राहिले.

“खरं सांगू? मला वाटत होतं, तुला जमू नये. तुला जमलं नाही, तर गाडी विकण्याचं वाईट वाटणार नाही. आणि तुला जमलं, तर मग मी कोण?”

मला राग यायला हवा होता. आलाही, क्षणभर. ब्रेक खरंच गेले असते तर, हे मनात येऊन गेलं. पण त्यांच्या हातावरचे ते निवडलेले शेंगदाणे त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले. मला शेंगदाणे आवडतात म्हणून बावीस वर्षं ते असंच करत आलेत.

“शनिवारी चढावर हवा कमी पडतेय, हे मला कळलं नव्हतं,” मी म्हटलं. “अजून दहा वर्षं कळणार नाही. तेव्हा तुम्ही ऐका, मी चालवते.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “उद्या ऑफिसात सांगून टाकतो. गाडी देत नाही म्हणून.”

अर्ध्या तासाने चाकाजवळ हात नेऊन त्यांनी अंदाज घेतला, मलाही घ्यायला लावला. बाकीचा घाट मी दुसऱ्या गिअरात उतरले. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं, पाय मोकळा होता आणि मला चक्क मजा येत होती. खाली आल्यावर एका धाब्यावर थांबून आम्ही दोघांनी मिळून तीन प्लेट मिसळ खाल्ली.

हे वाचून निघणार असाल, तर थोडक्यात सांगते. सगळा फेरा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतो आणि चार दिवसांत आरामात जमतो. पण तुमची गाडी रोज कुठे चालते, ते आधी पाहा. मुंबई-वसईतली बहुतेक वाहनं किलोमीटर कमी काढतात आणि हाल जास्त सोसतात. नुसता आकडा पाहून सर्व्हिसिंग पुढे ढकलू नका. परत आल्यावर म्हात्र्यांनी आमचे ब्रेक उघडून पाहिले, फिल्टर बदलला आणि खालून लाल माती धुऊन काढली. पाच वर्षं झाली, गाडी अजून आमच्याकडेच आहे आणि त्यांच्याच कागदाप्रमाणे चालते.

तर त्या मंगळवारी ठाणं ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खाडीवरचा पूल आला. मी यांना काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. पाहिलं तर मान दाराकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. झोपले होते. गाडी चालू असताना यांना झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बसमध्येसुद्धा हे ड्रायव्हरवर लक्ष ठेवून बसतात.

वसई फाट्याला वळले, रेल्वेवरचा पूल ओलांडला. आमच्या इमारतीचं फाटक आलं. मी वेग कमी केला आणि तशीच पुढे गेले. केळीच्या बागांमधून, माडांच्या सावलीतून, एका चर्चच्या पांढऱ्या भिंतीलगत, अगदी हळू, खड्डे चुकवत, एक मोठा फेरा घेतला. मग परत येऊन जागेवर गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

शांततेनेच ते जागे झाले.

“पोचलो?”

“केव्हाच.”

वर जायला हवं होतं. सामान काढायचं होतं, दूध आणायचं होतं. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि परत काढून घेतला.

“बस जरा,” ते म्हणाले. “काय घाई आहे?”