सेमिनारचं गाऱ्हाणं

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तीही लग्नानंतर. सेमिनार इंग्रजीत द्यायचा होता. तो पूर्ण केला नाही तर नापास. सासऱ्यांनी मला न विचारता देवळात पुजाऱ्यांना अख्ख्या गावासमोर माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. "ह्या सुनेक इंग्लिश बोलूक येऊंदे रे महाराजा!" पुजाऱ्यांनी मोठ्यानं देवाला सांगितलं. सगळे म्हणाले, "होय महाराजा!"

"मामांनू, देवाक इंग्लिश येता काय?" मी हळूच सासऱ्यांना विचारलं.

"तेका खंय परीक्षा आसा? तू अभ्यास कर गो."

सेमिनारच्या दिवशी मी तिसऱ्याच वाक्यात अडले. खाली बसावंसं वाटलं. पण बसले असते, तर गावानं देवालाच नापास ठरवलं असतं. माझ्यामुळे त्याचं नाव खराब नको, म्हणून चुकत, थांबत सगळं बोलून संपवलं.