तीन बोटांचा खंड्या

कंट्रोलर उजवा पंजा वर करून उभे राहिले की समजायचं, पक्षी दिसला. तो पंजा मूळचा एसटीतला. मालवण स्टँडवर रिव्हर्समध्ये येणाऱ्या गाड्या त्यांनी नोकरीभर त्या पंजाने थांबवल्या आणि निवृत्तीनंतर ते आम्हाला थांबवू लागले. "थांबा हां! हलू नकात!" आपण एका पायावर असलो तर एकाच पायावर राहायचं.

मुलाने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून ते वाडीत कोणाच्याही घरामागे शिरत. माझी बायको विहिरीवर कपडे धूत असली की ओरडे, "कंट्रोलरानू, तोंड तिकडे करा! हंय एकय पक्षी नाय."

दुर्बिणीतून डोळा न काढता ते म्हणत, "गो, मी तुझ्या मागली फांदी बघतंय. तू मधी इलंस."

त्यांचा अभ्यास होता, पण घाई त्याहून मोठी. माडावरचं घुबड दाखवायला त्यांनी अर्धी वाडी जमवली. वारा आला आणि घुबडाची पिशवी होऊन उडाली. एकदा "कोकणात प्रथमच!" अशी हाक आली. आम्ही धावलो. खरोखरच देखणा हिरवा-पिवळा पक्षी होता. तेवढ्यात बाजारातला एक दुकानदार पिंजरा घेऊन आला, म्हणाला, "मिठू, चल घराक." मिठू गेला.

"एक तरी धड पक्षी माझ्या नावार लागाक होयो रे," ते मला त्या दिवशी म्हणाले. हसत म्हणाले, पण दुर्बीण उगाचच पुसत राहिले.

मग एका पावसाळ्यात माझ्या घरामागच्या मातीच्या दरडीसमोर पंजा वर गेला. "तिबोटी खंड्यो!" ते कुजबुजले. साध्या खंड्याला चार बोटं, याला तीन. आणि हा फार थोड्यांना दिसतो.

"मोजलात?" मी विचारलं.

"मोजलंय."

मी दुर्बीण घेतली. चिमणीएवढा जीव, पोट पिवळं, पाठ जांभळी, चोच लालभडक. मी दोन्ही पायांची बोटं मोजली. तीन आणि तीन. "बरोबर आहे," मी म्हटलं. कंट्रोलरांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

दुपारपर्यंत बातमी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. दुसऱ्या सकाळी मोठमोठे कॅमेरे घेतलेले चार पाहुणे दारात हजर. दरडीत एक बीळ होतं, त्यातून पिल्लांची बारीक किचकिच येत होती. एकजण बिळावरचं नेचं उपटू लागला. "जरा साफ करतो, फोटो चांगला येईल."

मागे फणसात, चोचीत सापसुरळीचं पिल्लू धरून खंड्या बसला होता. एवढी माणसं बघून तो पुढे येईना. तो फक्त आम्हा दोघांना दिसत होता.

पंजा वर गेला. "थांबा!" आणि गाडी रद्द झाल्याचं सांगावं तशा स्टँडवरच्या आवाजात कंट्रोलर म्हणाले, "माझी चूक झाली. हा साधा खंड्या आहे. बोटं चार."

पाहुणे माझ्याकडे वळले. "काका, तुम्हीही पाहिलात ना?"

मी खोटं बोलत नाही, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. कंट्रोलरांनाही. ते माझ्याकडे बघायचंच टाळत होते.

"यांनी याआधी अकरा पक्षी जाहीर केले," मी म्हटलं, "त्यातले नऊ चुकले."

पाहुणे हसले. "आजोबा, चष्मा बदला," म्हणून निघून गेले. संध्याकाळी ग्रुपवर माझ्या 'अकरातले नऊ'सकट हसण्याचा पूर आला. कंट्रोलरांनी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुढचे कित्येक दिवस माझ्या मागच्या दारी स्टूल टाकून, पिल्लं उडेपर्यंत, कुत्री हाकलत बसले.

यंदा ते गेले. बाराव्याला पंगतीत त्यांच्याच गोष्टी निघाल्या. पिशवी झाली, मिठू झाला. शेजारचा मला कोपर मारत म्हणाला, "तूच मोजलंस मा? चुकलेले नऊ. खंड्यो धरून धा!"

"नऊच," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी वाढप्याला वडे मोजून सांगतोय.