मनकर्णामावशी कधी सांगत नाहीत

मानकापूरचा चौक मागे पडला तेव्हा वंदनाच्या लक्षात आलं, की मनकर्णामावशी मघापासून एक शब्दही बोललेल्या नाहीत. नवरात्रातली पंचमी होती. कोराडीच्या रस्त्याला उजाडल्यापासून माणसांची रीघ लागली होती. कुणी भजन म्हणत होतं, कुणी मोबाईलवर गाणी लावून चालत होतं, आणि बाजूने कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. वंदना दरवर्षी पायी जायची. देवीपाशी तिचं फार मागणं नसे. लेकरं सुखरूप आहेत, तेवढं सांगून यायचं. मावशी मात्र या वर्षी पहिल्यांदाच सोबत निघाल्या होत्या, आणि त्याही अनवाणी.

रस्त्याकडेच्या मंडपात पोरं साबुदाण्याची उसळ वाटत होती. एकाने मावशींच्या पायांकडे पाहिलं.

"काय आजी, चप्पल हरवली काय?"

"हरवली नाही रे बाबू, घरी राखण करून राहिली," मावशी म्हणाल्या. पोरं हसली. मावशी हसल्या नाहीत. द्रोण घेतला, दोन घास खाल्ले आणि उरलेलं वंदनाच्या द्रोणात ओतलं.

नागपुरातल्या बेसा भागात, वंदनाच्या लेआऊटमध्ये, मनकर्णामावशींना ओळखत नाही असं घर नव्हतं. मूळच्या कन्हानकडच्या. नवरा, नानाजी, इथे बांधकामावर चौकीदार म्हणून आला आणि इमारत उभी राहिल्यावर तिथेच राहिला. तो गेल्यावर मावशींनी दोन खोल्यांत पाळणाघर सुरू केलं. पाटी नाही, झोपाळा नाही. एक धुतलेली सतरंजी, मऊ भात, आणि दुपारी पडदा ओढून सगळ्यांना एका ओळीत थोपटणं. दोघं नवराबायको नोकरीवर जाणारी घरं मूल सहा महिन्यांचं झालं की डोळे मिटून त्यांच्याकडे ठेवायची. वंदनाची मुलगी अस्मिताही तिथेच वाढली. आता ती पहिलीत होती.

"मावशी, हा कोणाचा नवस? मुलाचा का?" वंदनाने शेवटी विचारलंच.

"सौरवचं बरं चालू हाये. त्याच्यासाठी कायले पाय भाजू?" मावशी थोडं चालल्या. "आर्यनचा हाये."

आर्यन म्हणजे वंदनाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चारुलताचा मुलगा, तोही मावशींच्याच पाळणाघरातला. तिसरं वर्ष सरत आलं होतं, पण तोंडातून शब्द नव्हता. हाक मारली तर वळून पाहत नसे. डब्यांची झाकणं ओळीत मांडत बसायचा आणि एक झाकण सरकलं की ऊर फुटेपर्यंत रडायचा. घरातल्यांनी आधी म्हटलं, आमच्याकडचे पोरगे उशिराच बोलतात. मग जावळ निघालं की बोलेल, म्हटलं. जावळही निघालं. आता येत्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. चारुलता जिन्यात भेटली तरी तिच्या डोळ्यांकडे पाहवत नसे.

"देवी ऐकेल मावशी. बोलेल तो."

"बोलला हाये तो."

वंदनाचं पाऊल थांबलं. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली आणि "चाला ना वं बाई, रस्त्यात काय उभ्या राहता," असं पुटपुटत पुढे गेली.

"कधी?"

"झाले आता दीड-पावणेदोन वर्सं. कुत्रं दिसलं का भू म्हणे. खिडकीत कावळा आला का काऊ म्हणे. लय गोड म्हणे. मंग हळूहळू बंदच झालं. आधी वाटलं दात येऊन राहिले म्हणून चिडचिड करते. मंग पाहतो तं एकही शब्द नाही."

"आणि तुम्ही चारुला सांगितलं नाही?"

"मी कधी सांगत नाही, वंदना. कोणालेच नाही."

आणि मग त्या रस्त्यावर, पायाखाली खडी टोचत असताना, मावशींनी ती गोष्ट सांगितली. त्या कन्हानला वीटभट्टीवर जात, तेव्हा सौरव सासूजवळ असायचा. एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर सासू दारातच उभी. पोट्टा आज चालला म्हणून तिनं अख्ख्या आळीला सांगितलं होतं, शेजारणींनी त्याला चालवून पाहिलं होतं, कुणी गूळ वाटला होता. सगळ्यांचं पाहून झालं, आणि शेवटी आईला कळलं. मावशींनी तोंड भरून कौतुक केलं, चूल पेटवली, आणि भाकरी थापताना त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते सासूच्या मते धुराचं होतं.

"तवाच ठरवलं. माह्याजवळ लेकरू पहिल्यांदा चालो, बोलो, काही करो, मी पाहतच नाही. आईबापाच्या घरी जे होते तेच पहिलं. दुसऱ्या रोजी आई सांगाले येते, मी तोंडावर हात ठेवतो."

तोंडावर हात. वंदनाला एकदम ते दिसलं. रविवारची संध्याकाळ होती, अस्मिता सोफ्याचा काठ सोडून तिच्याकडे चार पावलं आली होती. नवऱ्याने व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सोमवारी सकाळी वंदना पेढे घेऊन पाळणाघरात गेली, तेव्हा मावशींनी अगदी अस्साच तोंडावर हात ठेवला होता. "अगं बाई! चालली?"

"म्हणजे अस्मिता पण आधी तुमच्याकडेच," ती म्हणाली.

मावशींनी मान हलवली.

वंदना पुढे निघून गेली. राग कुणाचा, हे तिला कळेना. गेल्या इतक्या वर्षांत मन उदास झालं की ती तो व्हिडिओ काढून पाहायची. आता त्यातली अस्मिता किती सराईतपणे पाय टाकत होती, तेच डोळ्यांपुढे येत होतं. दूरवर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या होत्या. त्यांच्या धुरानं तिकडचं आभाळ मळकं झालं होतं. तिनं मनात देवीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण नाव पुढे सरकेना. मग ती एका पुलाच्या कठड्याशी थांबली. मावशी लंगडत येत होत्या. टाच फुटली होती.

"बसा जरा," वंदना म्हणाली आणि आपला रुमाल पाण्यानं ओला करून त्यांच्या टाचेला बांधू लागली.

"रागावली काय वं?"

"ते राहू द्या. डॉक्टरांना हे कळायला पाहिजे मावशी. चारु सांगत होती, त्यांनी दोनदा विचारलं, आधी बोलायचा का म्हणून. आधी बोलून मग थांबला असेल तर तपासण्या वेगळ्या असतात म्हणे. आणि हे दोघं सांगून आले, कधीच बोलला नाही."

"मालूम हाये मले. माह्याच दारात उभी राहून रडली ते. म्हणे, मावशी, एकदा तरी काही म्हणला असता तं मी जन्म तेवढ्यावर काढला असता." मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तवा सांगाले पाह्यजे होतं. जीभच उचलली नाही."

"का पण? तिला वाईट वाटलं असतं, एवढंच ना? आता तर त्याहून वाईट आहे."

मावशी रस्त्यावरून जाणाऱ्या पायांकडे पाहत राहिल्या. एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन चालला होता. लेकरू झोपेत लवंडलं होतं.

"भू अन् काऊ तं मी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "तिसरा शब्द हाये ना. दुपारचा झोपून उठला, दोनी हात वर केले, माह्या तोंडाकडे पाह्यलं, अन् म्हणला, आई."

वंदनाचे हात टाचेवरच थांबले.

"चारूले त्यानं कधीच नाही म्हणलं. मंग तं बोलणंच गेलं त्याचं. मले वाटे, आज म्हणन तिले, उद्या म्हणन, मंग तेच पहिलं होईन." मावशींचा आवाज अगदी खाली गेला. "अन् खरं सांगू का, मले बरं वाटलं होतं वं त्या दिवशी. त्याले उचललं, छातीशी धरलं, अन् म्हणली, हो रे राजा. दुसऱ्याचं होतं ते. मी घेतलं अन् ठेवून देलं."

वंदनानं गाठ मारली, घट्ट झाली म्हणून सोडली, पुन्हा मारली. खालच्या नाल्यात राखेनं पांढुरकं झालेलं पाणी हलत नव्हतं. चारुलता या वेळी आर्यनला भरवत असेल, एक घास तोंडात, एक जमिनीवर. सोमवारी ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसेल, डॉक्टर पुन्हा तेच विचारतील.

"घरी गेलो का मी सांगतो तिले," मावशी उठत म्हणाल्या. "आजच. भू सांगतो, काऊ सांगतो, आई म्हणला थेही सांगतो. डॉक्टरले सगळं लागत असन. तू संग राहाय माह्या. एकटीच्यानं होणार नाही."

"येईन मी."

मावशी दोन पावलं चालल्या आणि वळल्या. त्यांनी वंदनाचं मनगट धरलं. जगदंबेच्या वाटेवर असं काही मागणं त्यांनाही जड जात असावं, कारण त्या तिच्याकडे न पाहता चिमण्यांकडे पाहत होत्या.

"चारू विचारन, कोणाले म्हणला. पहिलं तेच विचारन ते. मी म्हणीन, सांजचे फाटकात तुही गाडी वाजली, अन् खिडकीतून तुह्याकडे पाहून म्हणला. मी खोटं बोलून राहिली हे तुह्या तोंडावर दिसू देऊ नोको, वंदना. तेवढं कर माह्यासाठी. खाली पाह्यजो, पण नाही म्हणू नोको."