कापशीला कोणी बोलावलं?

मी जालन्यात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्त, लघवी, रिपोर्ट. जे तपासणीत दिसत नाही ते नाही, असा माझा साधा हिशोब. सासूबाईंनी दृष्ट काढायला आणलेल्या लिंबाचं मी एकदा सरबत करून त्यांनाच पाजलं होतं! या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते भाजी निवडता निवडता, करमणूक म्हणून. त्यामुळं आज स्वतः लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतंय. आणि नेमकं काय लिहायचं तेही कळत नाही... घडलं ते घडलं तसं सांगते.

माझा नवरा अमोल आणि मला वीकेंडला तंबू घेऊन बाहेर पडायची सवय आहे. सोबत कायम आमचा मित्र नितेश आणि त्याची बायको श्वेता. नितेशचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण कितीतरी पिढ्या जालन्यातच. धान्याची आडत आहे. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी घरी. ओळखीच्या कोणाचं तरी शेत बघायचं, स्टोव्ह, दोन तंबू, पत्ते आणि आमची कापशी.

कापशीबद्दल नीट सांगायला हवं. पांढरीशुभ्र गावठी कुत्री. आमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली जन्मली, डोळे उघडायच्या आधीपासून मी तिला पाहिलंय. आणि ती जन्मापासून ठार बहिरी आहे. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण पांढऱ्या पिल्लांत असं कधी कधी असतं. दिवाळीत लवंगी माळा वाजतात तेव्हा ही गॅलरीत पाय पसरून झोपलेली असते. तिला उठवायचं तर जवळ जाऊन फरशीवर पाय आपटावा लागतो. 'कापशी' हे नाव आमच्या सोयीचं, तिला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून सगळं हातांनी शिकवलं. मांडीवर थाप म्हणजे ये. मूठ वर म्हणजे बस. पंजा पुढं केला की ती पंजा देते. तळहात जमिनीकडं केला की झोपते. एवढ्याच चार खुणा, आणि त्या मला आणि अमोललाच येतात.

गेल्या हिवाळ्यात नितेशनं जागा काढली. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं, त्याच्याकडं माल घालणाऱ्या एका शेतकऱ्याचं शेत. एका बाजूला शेततळं, बाकी सगळीकडं तूर, ज्वारी आणि हरभरा. शेताच्या कडेलाच त्यांचं घर. मालक परगावी लग्नाला गेले होते. घरी त्यांची बायको होती. पन्नाशीच्या, बोलक्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत होतो. तंबू बघून त्या हसल्या.

"घरात खाटा हायेत की पोरीहो. थंडीत कशाला रानात निजायलात?"

"काकू, त्यासाठीच तर आलोय," श्वेता म्हणाली.

"मंग निजा बापा," म्हणाल्या, आणि हुरड्यासाठी गोवऱ्या काढून दिल्या.

शनिवार छान गेला. सांगण्यासारखं काहीच नाही. रात्री सगळे गाढ झोपलो, कापशी आमच्या पायाशी.

रविवारी सकाळी. चांगलं ऊन पडलेलं. आमचा नाश्ता झाला होता, श्वेता भांडी विसळत होती, अमोल आणि नितेश तंबू झटकून वाळत घालत होते. मी चटईवर बसून चहा पीत होते आणि कापशी माझ्या गुडघ्याला पाठ टेकवून गाढ झोपलेली होती. वारा नव्हता. कोणी आसपास नव्हतं.

आणि कापशीनं मान उचलली.

इतकंच... पण ज्यानं बहिरं कुत्रं पाळलंय त्यालाच कळेल की मी का दचकले. ती आपोआप जागी होते तशी झाली नाही. आधी जांभई नाही, आळस नाही. हाक ऐकू आलेलं कुत्रं जसं मान वळवतं — एकदम, नेमकं एकाच दिशेला — तशी मान वळवली. कान टवकारलेले. तिचे कान असे उभे राहतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग ती उठली आणि शेपूट हलवत शेततळ्याच्या पलीकडं निघाली. तिथं जमिनीचा एक जरासा उंचवटा होता, त्यावर नुसतं वाळलेलं गवत. दुसरं काही नाही. तिथं जाऊन ती थांबली, वर पाहिलं — माणसाच्या तोंडाकडं पाहतात तेवढं वर — आणि बसली.

"अमोल," मी म्हणाले, "तू खूण केलीस का तिला?"

अमोलच्या दोन्ही हातांत तंबूचं कापड होतं. "मी? न्हाई बा."

तोवर कापशीनं पंजा उचलून पुढं धरला. हवेत. खाली ठेवला. दुसरा पंजा दिला. मग झोपली. मग पुन्हा उठून बसली. प्रत्येक वेळी मध्ये जरा थांबायची, वर बघायची, आणि मगच करायची. खुणेची वाट पाहताना ती अशीच थांबते. शेपूट सारखं हलत होतं. नितेश आधी हसला, म्हणाला, "अरे, प्रॅक्टिस करून राह्यली बघ," आणि त्यानं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. थोड्या वेळानं त्याचंही हसू थांबलं.

कारण मग तिनं जे केलं ते आम्ही तिला कधीच शिकवलं नव्हतं. ती उभी राहिली आणि सरळ मागं मागं सरकू लागली. तोंड तिकडंच, एक एक पाऊल मागं. बरीच मागं आल्यावर पोटावर बसली, हनुवटी जमिनीला टेकवली आणि तशीच राहिली. शेपूट थांबलं. नजर मात्र त्या उंचवट्यावर.

मी तिच्यासमोर जाऊन मांडीवर थाप मारली. ये. तिनं माझ्या पायांच्या बाजूनं डोकं काढून पलीकडं पाहिलं. अमोलनं खूण केली. काही नाही. बिस्कीट नाकाशी धरलं, तरी हलली नाही. घाबरलेली बिलकुल नव्हती, आजारीही दिसत नव्हती. नुसती थांबली होती. सामान गाडीत भरून झालं तरी तशीच. शेवटी अमोलनं तिला उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा तिनं विरोध केला नाही. फक्त मागच्या काचेतून बघत राहिली.

निघताना आम्ही काकूंच्या घरी गेलो. नितेशनं सहज गंमत म्हणून त्यांना व्हिडिओ दाखवला. काकू हसत बघत होत्या. कापशी मागं सरकायला लागली तेव्हा त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"हे तुम्ही शिकवलं?"

"नाही काकू," मी म्हणाले. "तेच तर कळंना गेलंय."

"आमचा दीर असंच करायचा," त्या म्हणाल्या. "मुका-बहिरा हाय ना तो. त्याचं एक कुत्रं होतं, त्याला समदं हातानंच सांगायचा. तिथं आधी हीर होती, तळं केलं तव्हा बुजवली. विहिरीत पोहायला उतरायच्या आधी कुत्र्याला असं मागं सरकवायचा, उडी मारू नये म्हणून. मी नवी नवरी होते तव्हा रोज बघायची."

तुम्ही आत्ता जे गृहीत धरलंत तेच मीही धरलं होतं. मी हळूच विचारलं, "कधी गेले ते?"

"गेले?" काकूंनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. "कुठं जातोय? वडीगोद्रीला दुकान हाय त्याचं. सासुरवाडी हाय तिकडं. परवाच येऊन गेल्ता."

खरं सांगते, इथंच माझं डोकं बंद पडलं. ते वारले असते तर निदान भुताची गोष्ट तरी झाली असती. मी विश्वास ठेवला नसता, पण गोष्टीला शेंडाबुडखा तरी राहिला असता. इथं माणूस जिवंत, धडधाकट, दुकान चालवतोय.

घरी आल्यावर कापशी बराबर पहिल्यासारखी. पाय आपटल्याशिवाय उठत नाही. डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी कानामागं टाळ्या वाजवल्या, पातेलं वाजवलं. तशीच बहिरी. "वास आला असेल," म्हणाले. वासानं कुत्रं मागं मागं सरकतं का, असं मी विचारलं, त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या शनिवारी आम्ही चौघं कापशीला घेऊन वडीगोद्रीला गेलो. हायवेलगत चांगलं मोठं हार्डवेअरचं दुकान. मालक, म्हणजे काकूंचे दीर, पंचावन्नच्या आसपासचे, अंगानं मजबूत, पांढरा शर्ट. बायको गल्ल्यावर. काकूंनी फोन केला होता, त्यामुळं त्यांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मला वाटत होतं, कापशी त्यांना बघून काहीतरी करेल. तिनं त्यांचे हात हुंगले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन झोपली. त्यांनी खुणा करून पाहिल्या. मागं सरकायची खूणही केली — दोन्ही तळहात पुढं ढकलत. कापशीनं जांभई दिली. तिला ती खूण माहीतच नव्हती.

मग त्यांना व्हिडिओ दाखवला. पहिल्यांदा पाहताना ते नुसते हसत होते. दुसऱ्यांदा पाहताना हसू गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, जिथं काहीच नव्हतं तिथं, आणि बायकोकडं बघून भराभर हात हलवले.

"काय म्हणतायत?" अमोलनं विचारलं.

"ते म्हणून राह्यले, तिथं कोण उभं हाय?"

"कोणीच नव्हतं, मावशी."

बायकोनं ते त्यांना खुणेनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. छातीला हात लावला, मग खालच्या फरशीकडं बोट केलं. मी इथं आहे. पुन्हा स्क्रीन. मग तिथं कोण? ते रागावले नव्हते. आमच्यासारखेच गोंधळले होते, कदाचित जास्तच. स्वतःचं अंग चाचपून बघावं तसा त्यांनी एकदा दंडावरून हात फिरवला.

श्वेतानं विचारलं, "ती शेवटी हनुवटी टेकून बसते, ती कशाची खूण?"

मावशींनी विचारून सांगितलं. "पोहून वर येईस्तोवर थांब. मी येतोच, असं."

परतताना गाडीत मला सारखं एकच दिसत होतं — आम्ही तिला उचलून गाडीत ठेवलं ते, आणि ती काचेतून बघत होती ते.

जालन्यात पोचल्यावर मी अमोलला म्हणाले, "तिला परत नेऊया तिथं. एकदाच."

"कशासाठी?" तो म्हणाला. "अन् तिथं काही झालं तर? आणू शकशील का तिला परत?"

आम्ही भांडलो. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तोच गाडीची किल्ली घेऊन उभा राहिला.

काकूंनी चहा ठेवला, आम्ही चटई घेऊन तळ्याच्या पलीकडं गेलो. तसंच ऊन, तसंच वाळलेलं गवत. कापशीला खाली सोडलं. तिनं उंचवटा हुंगला, एक चक्कर मारली. मग अगदी मधोमध उभी राहून वर पाहिलं. ती तशी बराच वेळ बघत राहिली. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेपूट खाली घालून परत आली. अमोलच्या बुटावर डोकं ठेवून झोपली.

बस, एवढंच. पुढं काही झालं नाही. कापशी मजेत आहे, आम्ही अजून कॅम्पिंगला जातो, तिथं मात्र पुन्हा गेलो नाही. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेल. मोकळी जागा आणि एक पांढरी कुत्री, बाकी काही नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. पण मला त्याचं भय कधीच वाटलं नाही. त्या दुसऱ्या रविवारी झोपलेल्या कापशीला उचलून गाडीकडं चालताना मला फक्त परत यायला उशीर झाल्यासारखं वाटलं. कोणासाठी, कशासाठी... ते मला सांगता येत नाही.